निमित्त काय झालं, हे आम्ही तीन दिवस सांगितलंच नाही

दादाला ॲडमिट केलं त्या रात्रीपासून सगळे डॉक्टर एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होते. आधी कॅज्युअल्टीत विचारला, मग वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टर मुलीने, मग सकाळी राऊंडला मोठे डॉक्टर आले त्यांनी खुर्ची ओढून बसून. हिपॅटायटिस बी जुना आहे ते समजलं, पण आत्ताच असं काय झालं? गोळ्या बंद केल्या होत्या का, दुसरं कुठलं औषध घेतलं का, स्टिरॉइड, दारू, मधे ताप येऊन गेला का, शी काळी झाली होती का? आणि आम्ही दर वेळी तेच, नाही हो डॉक्टर, काहीच नाही, अचानक डोळे पिवळे झाले.

हे खोटं होतं आणि तेव्हा मला ते माहीत नव्हतं. एक गोष्ट दादाला माहीत होती, दुसरी वहिनीला, आणि दोघांनी एकमेकांनाही सांगितलेली नव्हती. घरच्यांना वाटतं की कशामुळे झालं हे उगाळून आता काय उपयोग, झालं ते झालं, पुढचं बघा. मलाही तसंच वाटायचं. पण लिव्हर फेल्युअरमध्ये पुढचं काय होणार ते बरंचसं कशामुळे झालं यावर असतं, हे मी त्या वॉर्डात एकवीस दिवस बसून शिकले, आणि ते कुणाला तरी वेळेवर उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

दादाचं वय ४४. नऊ वर्षांपूर्वी रक्तदान करायला गेला आणि तिथून कळलं की एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे हिपॅटायटिस बीचा व्हायरस अंगात आहे. सुरुवातीची तीन वर्षं नुसत्या तपासण्या, मग व्हायरस वाढलेला दिसला म्हणून टेनोफोविर सुरू झालं, रोज एक गोळी. चांगली सहा वर्षं घेतली त्याने. दर सहा महिन्यांनी डीएनएचा, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याचा, रिपोर्ट यायचा, त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलेलं असायचं, तपासणारे म्हणायचे छान आहे, सहा महिन्यांनी या, आणि विषय संपायचा. त्या दोन वाक्यांच्या मधे कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं होतं की रक्तात सापडला नाही म्हणजे शरीरातून गेला असं नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्हच होता की! दादाने त्याचा अर्थ घेतला की आपण बरे झालो. आणि ॲडमिट व्हायच्या पाच महिने आधी त्याने गोळ्या बंद केल्या. कुणालाही न सांगता.

हे त्याने मला तिसऱ्या रात्री सांगितलं. तोंड भिंतीकडे करून. मला म्हणाला, "गोळ्या बंद केल्यात मी. तुझ्या वहिनीला सांगू नकोस." मी म्हटलं, दादा, वहिनीचं राहू दे, डॉक्टरांना सांगायला नको का? तर गप्प. मग थोड्या वेळाने म्हणाला, "सांग तू."

मी बाहेर आले, वहिनीला सांगितलं, आणि ती रागावेल असं मला वाटलं होतं, पण ती बाकावर बसली आणि पर्समधून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. तपकिरी पावडर. तीन आठवड्यांपासून त्याला थकवा होता, जेवण जात नव्हतं, सांधे दुखत होते, तेव्हा कुणीतरी लिव्हर साफ करायला म्हणून जडीबुटीची ती पावडर दिलेली आणि ही रोज दोनदा पाण्यातून देत होती. आणि ॲडमिट झाल्यावरही, नर्सची पाठ वळली की, ती चालूच होती! चांगलं व्हावं म्हणूनच देत होती ती. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

सकाळी मोठ्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. ते ओरडले नाहीत. पुडी मागून घेतली, फाइलमध्ये नोंद केली, म्हणाले हे आत्ताच्या आत्ता बंद, आणि गोळीचं विचाराल तर ती आम्ही पहिल्या रात्रीच सुरू केलीये, डीएनए रिपोर्टची वाट न बघता. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाचं लिव्हर फेल होतंय म्हटल्यावर व्हायरसवरची गोळी लगेच द्यायची असा नियमच आहे म्हणे, निमित्त नक्की झालेलं असो नसो. किडनीला त्यातल्या त्यात सांभाळून घेणारी म्हणून टीएएफ नावाची दिली, टेनोफोविरचाच नवा प्रकार.

मग मी विचारलं, गोळी पहिल्या दिवसापासून चालू आहे तर बिलिरुबिन, म्हणजे रक्तातल्या पिवळेपणाचा आकडा, वाढतंय कसं? ॲडमिट झाला तेव्हा १४ होतं, चौथ्या दिवशी १९. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं, कारण माझ्या डोक्यात तोवर सगळं उलटं होतं. हा व्हायरस स्वतः लिव्हरच्या पेशी फारशा मारत नाही. तो पेशीच्या केंद्रात आपली एक प्रत घट्ट ठेवून बसलेला असतो, ती प्रत गोळीने जात नाही, गोळी फक्त त्याच्यापुढच्या नकला थांबवते. गोळी बंद केली की नकला परत सुरू होतात, काही आठवडे महिने कुणाला पत्ता लागत नाही, आणि एक दिवस शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि व्हायरस असलेल्या पेशींवर तुटून पडते. लिव्हर जळतं ते त्या हल्ल्यात. गोळी व्हायरस थांबवते, पण सुरू झालेला हल्ला काही ती परत बोलावत नाही, तो ओसरायला वेळ लागतो. प्रश्न एवढाच की हल्ला ओसरेपर्यंत लिव्हर टिकतं का.

आणि वरून ती पावडर. तिने नेमकं किती नुकसान केलं हे वेगळं काढून सांगता येणार नाही म्हणाले, पण जळत्या लिव्हरवर दुसरा भार नको होता. एकापेक्षा जास्त निमित्तं एकत्र आली की मृत्यूचं प्रमाण वाढतं, हे युरोपात सिरॉसिसच्या (लिव्हर व्रणांनी कायमचं कडक झालेल्या) पेशंटांच्या मोठ्या अभ्यासात दिसलेलं आहे. दादाकडे दोन होती. "तिसरं होऊ द्यायचं नाही," असं ते म्हणाले, आणि तिसरं म्हणजे इन्फेक्शन. म्हणून मग हात धुणं, सलाईनच्या सुईची जागा रोज बघणं, भेटायला येणाऱ्यांना खालूनच परत पाठवणं हे सगळं मी एवढ्या कडकपणे केलं की नातेवाईक दुखावले. दुखावू देत म्हटलं.

पाचव्या दिवशी एक गोष्ट झाली ती मुद्दाम सांगते. एसजीपीटी, जो पहिल्या दिवशी १९०० होता, तो ४०० वर आला. वहिनीला इतका आनंद झाला की तिने सगळ्यांना फोन करून सांगितलं, उतरतोय, उतरतोय. मी ज्युनिअर डॉक्टरला रिपोर्ट दाखवला तर ती काही बोलेना. तिने बोट खालच्या ओळीवर नेलं, आयएनआर २.४. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा तो आकडा, जितका वर तितका उशीर. म्हणाली ताई, एसजीपीटी पेशी मरताना रक्तात सांडतो, तो कमी झाला म्हणजे पेशी मरायच्या थांबल्या असंही असेल, किंवा मरायला फारशा उरल्या नाहीत असंही असेल. दोन्हीतलं कुठलं ते आयएनआर सांगतो, कारण रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊनही आयएनआर खाली येत नसेल तर कारखानाच बंद पडत चाललाय. बिलिरुबिन वर, आयएनआर वर, आणि एसजीपीटी खाली, हे चांगलं चित्र नाही. मी ते वहिनीला सांगितलं नाही, तिचे ते दोन तास तसेच राहू दिले.

त्याच संध्याकाळी ज्युनिअर डॉक्टरने एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, रोज सकाळी याच्यावर दादांकडून नाव लिहून घ्यायचं आणि पाच टोकांची चांदणी काढून घ्यायची. लिव्हर रक्तातली घाण गाळत नाही तेव्हा ती मेंदूपर्यंत जाते, आणि माणूस गुंगायच्या आधी त्याचं अक्षर बिघडतं. सहाव्या दिवशी नाव ठीक आलं, चांदणी चार टोकांची. सातव्या दिवशी त्याने नुसत्या रेघा ओढल्या, एकही दुसरीला जाऊन मिळत नव्हती, आणि कागद माझ्याकडे देऊन म्हणाला, झाली बघ. हात पुढे करून पंजे वर धरायला लावले तर पंजे पक्ष्याच्या पंखासारखे फडफडत होते. मी कोण म्हणून विचारलं तर आईचं नाव घेतलं त्याने. पोटात पाणीही त्याच दिवशी दिसलं सोनोग्राफीत. पिवळेपणा आणि आयएनआर आणि चार आठवड्यांच्या आत पोटात पाणी नाहीतर गुंगी, असं झालं की त्याला ॲक्यूट ऑन क्रॉनिक लिव्हर फेल्युअर म्हणतात, जुन्या आजारावर नवा घाला. लॅक्टुलोज, पोट साफ करणारं औषध, वाढवलं, दिवसातून दोन-तीन वेळा पातळ शी झालीच पाहिजे, आणि मी त्याही मोजून वहीत लिहीत होते, वेळेसकट.

मेल्ड स्कोअर २९ आला. बिलिरुबिन, आयएनआर आणि किडनीचा आकडा क्रिएटिनिन या तिघांचा मिळून काढतात तो, जितका जास्त तितका जिवाला धोका. ट्रान्सप्लांटचं बोलणं सुरू झालं, माझ्या तपासण्या सुरू झाल्या. (माझा एचबीएसएजी निगेटिव्ह निघाला. पण तेव्हाच सांगितलं की घरातल्या सगळ्यांचा बघून घ्या, आईकडून आलेला असेल तर भावंडांमध्ये सापडतो. ज्यांनी बघितला नसेल त्यांनी खरंच बघा.)

आता शेजारच्या दोन बेडबद्दल, कारण निमित्ताची गोष्ट मला खरी कळली ती तिथे.

डावीकडे एक मुलगा होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. त्यालाही हिपॅटायटिस बी, पण लिव्हर तोवर चांगलं, गोळ्यांची गरजच नव्हती पडलेली. त्याचं बिलिरुबिन २८! दादापेक्षाही जास्त. हळदीसारखा पिवळा, अंग खाजवून खाजवून ओरखडे. मला वाटायचं की आमच्याआधी हाच जाणार. पण तो उठून बसायचा, मोबाईल बघायचा, नर्सशी बोलायचा. त्याला हिपॅटायटिस ई झाला होता, दूषित पाण्यातून होतो तो, बीच्या वर ई. आयएनआर १.६ च्या पुढे गेला नाही, किडनी साफ, डोकं साफ, मेल्ड २४. ई हा एरवी आपोआप जाणारा आजार. खाली लिव्हर धड असेल तर तो लाटेसारखा येतो आणि जातो. पण तेच निमित्त सिरॉसिस झालेल्या लिव्हरवर आलं असतं तर हाच ई जीव घेऊ शकतो, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे निमित्त एकटं काही ठरवत नाही, ते कुठल्या लिव्हरवर पडतंय तेही तेवढंच बघावं लागतं. तो मुलगा बाराव्या दिवशी घरी गेला, पिवळाच, पण चालत.

उजवीकडे काका. साठीच्या पुढचे. त्यांनाही हिपॅटायटिस बी, आणि सिरॉसिस होताच, बरीच वर्षं, पण काय शिस्त त्या माणसाची! गोळ्यांची डबी, वारांचे कप्पे केलेली, आणि रात्री बरोबर नऊला मोबाईलचा अलार्म. गोळी तोंडात टाकल्याशिवाय अलार्म बंद करायचे नाहीत. काकू सांगायच्या की सात वर्षांत एकही चुकलेली नाही. त्यांचा डीएनए रिपोर्ट आला तो 'नॉट डिटेक्टेड'. व्हायरस शांत होता, पूर्ण शांत. त्यांचं बिलिरुबिन फक्त ७. मी मनात म्हटलं यांचं तर आमच्यापेक्षा कितीतरी बरं आहे. पण ताप होता, पोट दुखत होतं, पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं तर त्यात पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, १४००. २५० च्या वर गेल्या की इन्फेक्शन धरतात. क्रिएटिनिन ३.२, लघवी जवळजवळ बंद, बीपी टिकत नाही. मेल्ड ३२.

मी त्या ज्युनिअर डॉक्टरला विचारलंच, की यांचं बिलिरुबिन ७ आणि स्कोअर दादापेक्षा जास्त कसा. ती रात्रीच्या ड्युटीवर होती, जरा निवांत होती, तिने समजावलं. म्हणाली निमित्तं ढोबळ मानाने दोन तऱ्हेची. एक लिव्हरवरच येतात, व्हायरस उसळणं, ई किंवा ए चढणं, दारू, औषधं. त्यात आधी लिव्हर पडतं, बिलिरुबिन आणि आयएनआर वर जातात, बाकीचे अवयव काही दिवस धरून राहतात. दुसरी बाहेरून येतात, इन्फेक्शन, रक्ताची उलटी. ती बहुतेक सिरॉसिसवालेच गाठतात, आणि त्यात लिव्हरपेक्षा किडनी, बीपी, मेंदू आधी कोलमडतात. आणि किती अवयव पडले यावर माणूस वाचणार की नाही ते सगळ्यात जास्त ठरतं. दादांच्या निमित्ताला एक औषध आहे, ते नेमकं त्या निमित्तावरच जातं. काकांच्या व्हायरसवर गोळी चालूच होती, तिथे करायला काही उरलं नव्हतं, त्यांची लढाई जंतूंशी आणि तीही थकलेल्या शरीराने. मग ती थांबली आणि म्हणाली, हा नियम नाही हं ताई, व्हायरस उसळलेलेही जातात आणि इन्फेक्शनवाले पहिल्या अँटिबायोटिकला सुधारून घरीही जातात. बऱ्याच जणांचं निमित्त तर शेवटपर्यंत सापडतच नाही.

समोरच्या खोलीत एक ताई होत्या, त्यांचं फार थोडक्यात सांगते कारण माझी त्यांच्याशी ओळख नाही झाली. दुसऱ्याच एका आजारासाठी कित्येक महिने स्टिरॉइड चालू होते, सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासलाच नव्हता कुणी. प्रतिकारशक्ती दाबली, व्हायरस गुपचूप वाढला, स्टिरॉइड कमी करायला लागले आणि हल्ला झाला. एका साध्या रक्ततपासणीने हे टळलं असतं याचा मला अजून त्रास होतो. कुणाला केमो, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं एक इंजेक्शन), जास्त दिवसांचे स्टिरॉइड सुरू होणार असतील तर आधी एचबीएसएजी आणि कोअर अँटिबॉडी (व्हायरस कधीतरी येऊन गेल्याची खूण) दोन्ही मागा, स्वतः तोंड उघडून मागा. रिटुक्सिमॅबमध्ये तर एचबीएसएजी निगेटिव्ह आणि नुसती कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह असली तरी व्हायरस उठू शकतो.

दादाचं पुढे असं झालं की आठवा, नववा, दहावा दिवस तो आयसीयूत होता, आणि ते दिवस मला सलग आठवतच नाहीत, वहीतले आकडे वाचून आठवतात. दोनदा प्लाझ्मा एक्स्चेंज केलं, म्हणजे रक्तातला पातळ भाग काढून त्याजागी दुसरा घालतात ते. अकराव्या दिवशी ताप आला ९९.८, एवढाच, आणि माझ्या पायातली शक्ती गेली, कारण उजवीकडच्या बेडवर मी बघितलं होतं की ताप काय करतो. लगेच पोटातलं पाणी काढून तपासलं. दोन तास मी जिन्यात बसून होते. न्यूट्रोफिल ९०. इन्फेक्शन नाही. तरी अँटिबायोटिक सुरू केलं, कल्चर निगेटिव्ह आल्यावर थांबवलं.

काका नवव्या दिवशी गेले. आम्ही तेव्हा आयसीयूच्या बाहेरच होतो, काकू पण तिथेच बसलेल्या. रात्री नऊला त्यांच्या हातातल्या काकांच्या मोबाईलचा अलार्म वाजला. काका त्या दिवशी दुपारीच गेलेले. काकू त्या मोबाईलकडे बघत राहिल्या, आणि तो बंद कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. मी केला.

चौदाव्या दिवशी दादाचा डीएनए परत पाठवला. पहिला होता ६ कोटी ८० लाख. हा ३ लाख १० हजार. आकडा बघून वहिनी म्हणाली अजून लाखांत आहे, पण मोठे डॉक्टर पहिल्यांदा नीट हसले. म्हणाले दोन लॉगपेक्षा जास्त उतरलाय, एक लॉग म्हणजे दहापट, दोन म्हणजे शंभरपट, आणि दोन आठवड्यांत एवढा उतरला तर माणूस वाचायची शक्यता चांगली धरतात. नंतर मी शोधून वाचलं, २०११ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी हेच छापलं होतं. फक्त २७ पेशंट, सगळे व्हायरस आपोआप उसळून लिव्हर फेल झालेले. १४ जणांना टेनोफोविर दिलं, १३ जणांना नाही. तीन महिन्यांनी टेनोफोविरवाल्यांतले ५७ टक्के जिवंत, बाकीच्यांतले १५ टक्के. आणि त्यातही दोन आठवड्यांत दोन लॉग उतरणं हीच चांगली खूण निघालेली. छोटासा अभ्यास आहे, पण तो वाचताना माझे हात थरथरत होते, कारण ५७ टक्के म्हणजे गोळी वेळेवर मिळूनसुद्धा दहातले चार जण गेलेच ना.

बिलिरुबिन त्या दिवशी २६ होतं, त्याच्या आजाराभरातलं सगळ्यात जास्त, आणि तरी तो सुधारत होता. हे घरच्यांना समजावणं फार कठीण गेलं. आयएनआर २.४ वरून २.० वर आलेला, डोकं साफ होत होतं. बिलिरुबिन सगळ्यात शेवटी उतरतं, त्याच्याकडे बघून रोज घाबरायचं नाही, असं मी वहिनीला सांगायचे आणि स्वतः रोज घाबरायचे. सोळाव्या दिवशीची चांदणी पाच टोकांची आली. जरा वाकडी. तो कागद मी वहीत चिकटवलाय.

ट्रान्सप्लांटचं नाव मागे पडलं. त्याचं एक कारण निमित्त, पण दुसरं असं की दादाचं मूळ लिव्हर पूर्ण गेलेलं नव्हतं. ॲडमिट असताना फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करून उपयोग नसतो, सूज असली की लिव्हर आहे त्यापेक्षा कडक दाखवतं. पण दोन वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट घरी कपाटात सापडला, त्यात फायब्रोसिस, म्हणजे व्रण, बराच होता पण सिरॉसिस नव्हता. जुने रिपोर्ट फेकू नका, त्या एका कागदाला डॉक्टरांनी किती महत्त्व दिलं ते मी बघितलंय.

एकविसाव्या दिवशी घरी आणला. डिस्चार्ज कार्डावर निमित्ताच्या रकान्यात दोन ओळी आहेत, अँटिव्हायरल स्वतःहून बंद केल्याने व्हायरस परत उसळला, आणि जडीबुटीच्या औषधाचा संशय. वहिनीने ती दुसरी ओळ वाचली आणि कार्ड घडी करून ठेवून दिलं. मी तिला एवढंच म्हटलं की वहिनी, तू पुडी काढून दिलीस म्हणून ती बंद झाली. पाचव्या सहाव्या दिवशीही चालू राहिली असती तर काय झालं असतं, ते बघ. पण तिला ते पटायला वेळ लागेल, अजून लागतोय.

तीन महिन्यांनी बिलिरुबिन २.१, आयएनआर १.३, पोटातलं पाणी गेलेलं. दादा गोळी घेतो, वहिनीसमोर. ही गोळी आता आयुष्यभर, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण व्हायरस दबला तरी लिव्हर कॅन्सरची टांगती तलवार राहते.

परवा काकूंचा फोन आला होता. दादाची चौकशी केली, बरं वाटलं म्हणाल्या, आणि खरंच बरं वाटलं असावं, आवाजात दुसरं काही नव्हतं. मग म्हणाल्या, एक विचारू का. मुलगा मला सारखं म्हणतो की तुम्हीच लक्ष दिलं नसेल, बाबांची गोळी मधे चुकली असेल, हिपॅटायटिस बी परत उसळला असेल, सगळे तसंच सांगतात. तुझ्या भावाने तर पाच महिने बंद केली होती ना, आणि ह्यांनी एक दिवस नाही चुकवली, मग असं उलटं कसं गं?

मी म्हटलं काकू, काकांचा व्हायरस शेवटपर्यंत दबलेलाच होता. रिपोर्ट बघा फाइलमध्ये, डीएनए नॉट डिटेक्टेड. गोळीच्या बाजूने काही आलंच नाही. पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन झालं, सिरॉसिसमध्ये ते गोळी घेऊनही होतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे सगळं मला लिहून पाठवशील? त्या पाण्याचा आकडा पण घाल. मला त्याला नीट सांगता येत नाही."

त्याच रात्री लिहून पाठवलं. डीएनए, १४००, तारखा, सगळं.